कावळा लगेच शिवला

बाबांच्या दहाव्याला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर कावळा शिवला नाही. 2016 चा मे महिना, सकाळचे दहा वाजून गेलेले, पायऱ्या तापलेल्या. आमच्या शेजारी आणखी चार कुटुंबांचे पिंड मांडलेले होते आणि त्यातल्या दोघांचं पाच मिनिटांत आटोपलं. आमचा पिंड तसाच. काका पुढे होऊन म्हणाले, "वैनीची काळजी करू नको, आम्ही आहोत." आतेभाऊ म्हणाला, "म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं की घर मामीच्याच नावावर करू." मी म्हणालो, "बाबा, गावचं घर विकणार नाही." कावळे समोरच्या कठड्यावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. दीड तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

माझी कादंबरी त्या दीड तासातून आली. पण हे कळायला मला दोन वर्षं आणि एक अख्खा फुकट गेलेला खर्डा लागला.

लिहायचं होतं ते असं: मुंबईत माणसं मरताहेत, कारण अमानवी आहे, आणि मेलेल्यांशी बोलू शकणारा एक माणूस खुनी शोधतो आहे. इंग्रजीत अशा माणसाला नेक्रोमॅन्सर म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणायचं, इथेच मी महिनाभर अडकलो. मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची आणि कवटी आली. देवऋषी, भगत ही गावची माणसं, त्यांचं काम वेगळं. पंचाक्षरी भूत उतरवतो, त्याला बोलावून प्रश्न विचारत नाही. प्लँचेट ही पांढरपेशी घरांतली वाटी आणि अक्षरांची गोष्ट. शेवटी मूळ शब्द उघडून पाहिला. ग्रीकमध्ये 'नेक्रोस' म्हणजे प्रेत आणि 'मान्तेइया' म्हणजे कौल घेणं. म्हणजे मुळात हा मृताला कौल लावणारा माणूस! प्रेतांच्या फौजा उठवणं वगैरे नंतरचं. आणि कौल म्हटल्यावर वेंगुर्ल्याकडच्या माणसाला वेगळं काही समजवावं लागत नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहायच्या, हे ऐकतच मी वाढलो.

तरीही पहिल्या खर्ड्यात मी चूक केलीच. माझा नायक प्रेताच्या कपाळावर हात ठेवायचा आणि प्रेत बोलायचं. वाचायला थरारक, पण रहस्यकथा म्हणून मेलेली. मयतच जर सांगणार असेल की मला अमक्याने मारलं, तर दहाव्या पानावर पोलीस जीप काढतील आणि गोष्ट संपेल. ते टाळायला मी खोटे अडथळे घातले. कधी प्रेताची जीभच कापलेली, कधी आत्मा घाबरलेला. एका मित्राने वाचून सांगितलं, "तू वाचकापासून लपवतोयस, खुनी काहीच लपवत नाहीये." ते बरोबर होतं. एकशे ऐंशी पानं बाजूला ठेवली.

त्या काळात मी एकच काम नीट केलं, ते म्हणजे मृत्यूची सरकारी बाजू शिकलो. आपल्याकडे अकस्मात मृत्यू झाला की पोलीस पंचनामा करतात. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. पण मुंबई शहराची गोष्ट बराच काळ वेगळी होती. 1871 च्या कायद्याप्रमाणे कोलकाता आणि मुंबई इथे संशयास्पद मृत्यूची चौकशी कोरोनर करायचा, आणि मुंबईतलं हे पद 1999 साली रद्द झालं. तो कायदा मी वाचला आणि एका तरतुदीपाशी थांबलो. कोरोनरने पाचपासून पंधरापर्यंत, विषम संख्येने, प्रतिष्ठित नागरिक ज्युरी म्हणून बोलवायचे आणि चौकशीच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रेत प्रत्यक्ष पाहायचं. साक्षीपुरावे नंतर. आधी मयताला सामोरं जायचं.

माझा नायक मला तिथे सापडला. तो मांत्रिक नाही, कोरोनरच्या कचेरीतला कारकून आहे. साल 1998. वीस वर्षं त्याने पंचनामे नकलून काढलेत: "सदर मयत इसम उताणे स्थितीत, डोके उत्तरेस व पाय दक्षिणेस, अंगावर बाह्य जखमा दिसून येत नाहीत." या भाषेवर माझा जीव जडला. तिच्यात दुःखाला जागा नाही, पण मयताच्या खिशातली बसची दोन तिकिटं ती विसरत नाही. कारकुनाची सगळी प्रकरणं मी याच भाषेच्या तालावर लिहिली.

वैद्यकीय बाजूला मात्र मी तोंडावर आपटलो. मे महिन्यातलं प्रेत चाळीस तासांनी ताठ आहे, असं मी लिहिलं होतं. ओळखीच्या डॉक्टरबाईंनी पान वाचून लाल रेघ मारली. मरणोत्तर काठिण्य पापण्या, जबडा, मान असं वरून खाली उतरतं आणि त्याच क्रमाने सुटतं. आपल्या हवेत उन्हाळ्यात ते साधारण 18 ते 36 तास टिकतं, हिवाळ्यात 24 ते 48. माझं प्रेत तोवर सैल व्हायला हवं होतं. मी प्रसंग डिसेंबरात नेला, तर सगळ्या चाळीचं वेळापत्रक बदललं. गणपती गेले, गच्चीवरची उन्हाळी वाळवणं गेली.

मग एका रविवारी आई काकूशी फोनवर बोलत होती. गावात कुणाचं तरी दहावं होतं. ती सहज म्हणाली, "कावळो बघता बघता शिवलो, सुटलो गो तो." आणि मला बाणगंगा आठवली.

आपण मयताला विचारतोच की. घाटावर उभं राहून, सगळ्यांसमक्ष. दहावा दिवस ठरलेला. उत्तर फक्त दोनच प्रकारचं, कावळा येतो किंवा येत नाही. आणि कोरडा प्रश्न चालत नाही, वचन द्यावं लागतं. परक्या देशातली कुठलीही मृतविद्या मला इतके घट्ट नियम देऊ शकली नसती. ते माझ्या घरात होते.

इथून दुसरा खर्डा धावला. कारकुनाला मिळतात ते दहा दिवस. दहाव्या दिवशी तो पिंडाजवळ उभा राहून मनातल्या मनात एकेक वचन देतो आणि कावळ्याकडे बघतो. "तुझ्या मुलीची फी मी भरीन." "तुला जिन्यावरून ढकलणाऱ्याला शिक्षा होईल असं बघीन." जे वचन लागू पडलं ते त्याला पाळावं लागतं, नाहीतर पुढचा कुठलाच कावळा त्याच्यासाठी उतरणार नाही. म्हणजे प्रत्येक तपास त्याला आयुष्यभरासाठी बांधून जातो. कादंबरी सुरू होते तेव्हा तो अकरा जणांची वचनं वाहतो आहे. पगाराच्या दिवशी तो सात पाकिटं करतो, तो प्रसंग मी एका बैठकीत लिहिला आणि त्यात नंतर एक अक्षर बदललं नाही.

मयताला फक्त इच्छा असते, आणि त्याला माहीत असतं ते जिवंतपणी होतं तेवढंच. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच प्रकरणात एका मयताला सख्ख्या भावाला शिक्षा व्हावी असं वाटत असतं. कारकून वचन देतो, कावळा शिवतो, आणि भाऊ निर्दोष निघतो. मेलेल्याचा राग हा पुरावा नसतो. रहस्य पुन्हा जिवंत झालं ते या एका गोष्टीने.

खुनी कोण, हे पहिल्या खर्ड्यात ठरलेलं होतं: चाळीतली एकटी राहणारी, करणी करणारी म्हातारी. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका जुन्या स्नेह्याने ते वाचलं आणि गप्प बसला. मग म्हणाला, "अशा बायकांना खरोखर मारतात रे." नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करणं, हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी तेच लिहून बसलो होतो. मला लाज वाटली, आजही वाटते. भुताखेतांची गोष्ट लिहायला माझी हरकत नाही, मला ती आवडते. पण जिच्यामुळे उद्या कुणा म्हातारीच्या दारात चार माणसं जाऊन उभी राहतील, अशी गोष्ट माझ्या हातून जाता कामा नये. त्याच कारणाने माझा कारकून कधी कुणाला सांगत नाही की मला मयताचं कळतं, आणि कुणाकडून पैसा घेत नाही.

मग खुनी कोण? याचं उत्तर पखवाजाने दिलं.

बाबा लालबागच्या गिरणीत होते आणि चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या घरातून आधी तांब्याचा हंडा गेला, मग आईच्या पाटल्या, आणि 1983 च्या पावसाळ्यात पखवाज. गहाण. तो सोडवलाच गेला नाही. बाबांनी त्यानंतर भजनाला जाणं सोडलं आणि आम्ही कुणी त्याचं कारण विचारलं नाही. बाणगंगेवर मी घराचं बोललो, गावाचं बोललो. पखवाजाचं नाव काढलं नाही. हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, आणि त्यानंतर आठ दिवस मी कागदाला हात लावला नाही.

कादंबरीतला सावकार संपाच्या दिवसांत इच्छा गहाण ठेवून घेतो. घरात विकण्यासारखं काही उरलं नसेल त्याला तो विचारतो, "तुला सगळ्यात जास्त काय हवंसं वाटतं?" उत्तर वहीत लिहितो, अंगठा घेतो, पैसे मोजतो. सोळा वर्षांनी, गिरण्यांच्या जागा विकल्या जाताना, तो वसुलीला निघतो. ज्याची इच्छा जप्त झाली तो माणूस जेवण सोडतो, उठणं सोडतो आणि आठवड्याभरात मरतो. अंगावर खूण नाही. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, विष सापडत नाही. ज्युरी प्रेत पाहते आणि नैसर्गिक मृत्यू म्हणून निकाल देते.

कारकुनाला संशय येतो तो दहाव्या दिवशी. तिशीतला माणूस, पदरी दोन वर्षांची मुलगी, बायको गरोदर. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. कुणी काही बोलायच्या आत. नातेवाईक डोळे पुसत म्हणाले, सुटला. कारकून मात्र गारठतो, कारण असा माणूस असा सुटत नसतो. मग तो जुन्या नोंदी काढतो, घरोघर जाऊन विचारतो. सहा जण. सहाही ठिकाणी कावळा लगेच. मयतांना काही मागायचंच उरलेलं नाही, म्हणून त्यांना काही विचारताही येत नाही. साक्षीदार समोर आहेत आणि सगळे मुके. हे प्रकरण लिहून झालं त्या रात्री मला खात्री पटली की ही कादंबरी पूर्ण होणार.

पण या कोंडीतून बाहेर काढणारा दरवाजा मीच बंद करून ठेवला होता. पाच महिने मी तिथे अडून होतो. उपाय शेवटी स्वयंपाकघरात मिळाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा स्टीलचा डबा आमच्याकडे पडून होता आणि आई दोन दिवस धुसफुसत होती की भरून द्यायला काही केलेलं नाही, रिकामा कसा पाठवू. सातवी मयत बाई अशीच निघाली. तिने मोठी इच्छा गहाण टाकली होती, पण शेजारणीचा डबा परत करायचा राहिलाय, ही गोष्ट तिने सावकाराला सांगितलीच नव्हती. ती इच्छा आहे असं तिलाही वाटलं नव्हतं. तिच्या पिंडाला कावळा शिवत नाही. एक तास जातो, दोन तास जातात, गुरुजी दर्भ हातात घेतात, आणि कारकुनाला पहिल्यांदाच बोलणारा साक्षीदार मिळतो.

पुढचं कामकाजाचं. तीन खर्डे, 2017 ते 2021. दोन प्रकाशकांनी परत पाठवली. एकाने तर 'भयकथा की सामाजिक, काय ते ठरवा' असं कळवलं. तिसऱ्याने घेतली.

छपाईला जाण्याआधी आईने हस्तलिखित वाचलं. रोज दुपारी थोडं थोडं, भिंग लावून, अकरा दिवस. मला भीती होती पखवाजाची. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. फक्त शेवटून चौथं प्रकरण उघडून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'कारकुनाने डबा भरून शेजारणीला परत दिला.'

"डबो कसल्यान भरलो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तसं काही ठरवलेलं नाही.

"एकट्या बापयाच्या घरात काय असतला? साखर असतली. साखर भर."

मी ओळ दुरुस्त केली. 'कारकुनाने डबा साखरेने भरून शेजारणीला परत दिला.' मग फाईल प्रकाशकाला पाठवली.