अजेंड्यावर नसलेला विषय

लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्याला चातुर्मास म्हणजे बिनपगारी सुट्टी. गेल्या काही वर्षांत मुलुंडच्या सोसायट्यांनी माझी ही सुट्टी जवळपास संपवलीच आहे. पुनर्विकासासाठी विकासक निवडायची सभा घेतली की तिचं चित्रीकरण करावंच लागतं. सहकार कायद्याच्या कलम 79 (अ) खाली सरकारने 3 जानेवारी 2009 ला निर्देश काढले आणि 4 जुलै 2019 ला ते सुधारले. चित्रीकरणाची अट दोन्हींत आहे. त्यामुळे 'सेव्हन्टी नाइन एची मीटिंग आहे, येणार का?' असा फोन आला की मी ट्रायपॉड आणि दोन कॉर्डलेस माईक घेऊन निघतो. गजरे नाहीत, सनई नाही आणि जेवणही नाही, फार तर वडापाव नि चहा.

काय टिपायचं ते ठरलेलं असतं. दारात ओळखपत्र दाखवून आत येणारे सभासद, हजेरीची सही, उपनिबंधक कार्यालयातून आलेले प्राधिकृत अधिकारी, निविदांची माहिती आणि शेवटी मतदान. हात वर झाले की कॅमेरा रांगेरांगेने सावकाश फिरवायचा. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर तेच हात पुन्हा मोजले जातात.

मी सांगतोय ती सभा मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीची. इमारत तळ अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, सभासद 28. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात स्लॅबचे पोपडे पडायचे, म्हणून लोकांनी पलंग भिंतीपासून सरकवून ठेवले होते. सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. गणपूर्तीला दोन तृतीयांश, म्हणजे 19 लागतात, आले 25. अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या, त्यांनी वेळेवर सभा सुरू करायला लावली.

पहिला तासभर नेहमीचंच. कार्पेट म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ किती वाढवून देणार, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, भाडं दर महिन्याला की वर्षाचे चेक आगाऊ, दलालीचे पैसे कोण देणार, मधेच काम थांबलं तर काय. हा शेवटचा प्रश्न आला की कुणीतरी पत्राचाळीचं नाव काढतंच. गोरेगावच्या त्या 672 कुटुंबांना भाड्याच्या घरांत वर्षानुवर्षं काढावी लागली, ते मुंबईत कुणी विसरलेलं नाही. मग बँक गॅरंटीची चर्चा होते. मग कुणीतरी उठून विचारतं, 'आपणच का नाही करत, स्वयंपुनर्विकास?' सगळे माना डोलावतात आणि पालिकेत खेटे कोण घालणार असं विचारलं की खाली बघतात. हे मी इतक्यांदा शूट केलंय की तेवढ्यात बॅटरी बदलून घेतो.

तळमजल्यावरच्या आजींनी माईक मागितला तेव्हा मला वाटलं, देवघर कुठल्या दिशेला येणार ते विचारतील. त्यांनी विचारलं ते मात्र विकासकाकडून प्रेझेंटेशन करायला आलेल्या पोराच्या एकाही स्लाइडवर नव्हतं. 'आता माझं घर 430 फूट आहे. 500 फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ आहे ना? तुम्ही मला 600 देणार. मग कर लागणार. लिफ्ट दोन, पंप, जनरेटर, वॉचमन. मेंटेनन्स किती येईल? मला पेन्शन नाही, व्याजावर चाललंय.' 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा आजींचं गणित बिनचूक होतं. पोराने 'कॉर्पसच्या व्याजातून निघेल' असं सांगितलं. आजी म्हणाल्या, 'आकडा सांग.' त्याच्याकडे आकडा नव्हता. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच ठरायला हवा होता, पण त्यांच्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले.

काका पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठल्या चावीवाल्याने कुठली चावी किती फेरे फिरवायची, यात नोकरी गेलेली. त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि शेजाऱ्याला एक टोक धरायला लावलं. गल्लीचा हाताने काढलेला नकाशा होता. अकरा सोसायट्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने दोन आकडे. आज किती घरं आणि पुनर्विकासानंतर किती. तीन इमारती पाडून झालेल्या, चौघींचे करार झालेले, उरलेल्यांत निविदा किंवा नुसती बोलणी. आज सगळी मिळून दोनशेच्या आसपास घरं. टॉवर उभे राहिल्यावर सहाशेच्या पुढे.

'घरटी पाच माणसं धरा, माणशी 135 लिटर,' काका म्हणाले. 'आज गल्लीला दिवसाला एक लाख पस्तीस हजार लिटर लागतं. उद्या चार लाखांवर जाईल. गल्लीतली लाइन तीच, मलवाहिनी तीच. मध्य वैतरणा 2014 ला झालं, त्यानंतर मुंबईला नवं धरण नाही. भांडुपहून पाणी शुद्ध होऊन येतं, तयार होत नाही.'

सेक्रेटरींनी मला हाताने खूण केली. कॅमेरा बंद कर. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, 'चित्रीकरण चालू राहू द्या.' मी झूम थोडा वाढवून तो कागद नीट वाचता येईल असा घेतला.

प्रेझेंटेशनवाल्या पोराने सांगितलं की जल अभियंता खात्याची ना हरकत घेतल्याशिवाय पालिका बांधकामाला परवानगीच देत नाही. काका हसले. 'ती मला नको शिकवू. ना हरकत मिळते तुझ्या एका इमारतीपुरती. तिलाही मिळेल, शेजारचीलाही मिळेल. अकराची बेरीज कोण करतं?'

मग सेक्रेटरी म्हणाले की हा विषय अजेंड्यावर नाही. ते खरंच होतं, मॅडमनीही तसंच सांगितलं. सभेपुढचा विषय विकासक निवडण्याचा, गल्लीच्या पाण्याचा नाही. काका म्हणाले, 'मॅडम, हा कुठल्या अजेंड्यावर असतो तेवढं सांगा, मी तिथे जातो.'

त्या बाईंची मला दया आली. त्या सहकार खात्याच्या. गणपूर्ती बघायची, 51 टक्के संमती बघायची, सही करायची, एवढंच त्यांच्या हातात. त्यांनी प्रामाणिकपणे जेवढं माहीत तेवढं सांगितलं. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा हे मांडता येतं. काका म्हणाले, '2016 ला सुधारित मसुदा आला तेव्हा मी लेखी दिलं होतं.' तो आराखडा 2018 ला लागू झाला आणि त्यावर नाव 2034 चं आहे. पुढच्या आराखड्याची वाट बघायला काकांकडे किती वर्षं आहेत हे हॉलमध्ये प्रत्येकाने मनात मोजलं असणार.

मतदानाला कॅमेरा नेहमीसारखा डावीकडून फिरवला. 21 हात वर. विरोधात तीन, एक जण तोवर निघून गेलेला. आणि काकांचा हात वर होता. नंतर फुटेज बघताना मी तिथे दोनदा थांबलो. जिन्यात सामान आवरताना भेटले तेव्हा विचारलंच. म्हणाले, 'अरे, बायकोचे गुडघे गेलेत. दोन वर्षं ती खाली उतरलेली नाही. लिफ्ट नको म्हणू?' आजींनी मात्र विरोधात हात केला होता, अगदी ताठ.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. 'ते पाण्याचं प्रकरण जरा काढून टाका, उगाच लांबलंय.' माणूस वाईट नव्हता. चार वर्षं त्याने स्वतःच्या रजा घालवून कागदपत्रं जमवली होती आणि आता कुणी खोडा घालू नये एवढंच त्याला हवं होतं. मी सांगितलं की लग्नात सासूबाई चिडलेल्या मी खुशाल कापतो, या सभेतलं एक सेकंदही कापणार नाही. एक अखंड फाइल सोसायटीला, तीच अधिकाऱ्यांना. बिल त्यानंतर बरंच रखडलं. ते योगायोगानेही असेल.

काकांनाही तेवढाच भाग हवा होता, गल्लीतल्या बाकीच्या सोसायट्यांना दाखवायला. त्यांनाही नाही म्हणावं लागलं. फुटेज सोसायटीचं, तेव्हा अर्ज सोसायटीकडे करा, असं सांगितलं. त्यांनी केला. उत्तर काय आलं ते मला ठाऊक नाही.

पुढे त्याच गल्लीतल्या दुसऱ्या सोसायटीच्या सभेचं काम मला मिळालं. काका तिथले सभासद नाहीत, आत येऊ शकत नव्हते. गेटवर उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नकाशाची झेरॉक्स देत होते. मी आत गेलो, माईक लावले. भाडं-कॉर्पस सुरू होण्याआधीच एका बाईने तो कागद वर धरून विचारलं की निविदेच्या अटींत भूमिगत टाकी किती लिटरची, हे का लिहिलेलं नाही. तिथले अध्यक्ष जरा गोंधळले, मग म्हणाले की अट घालू, आणि उरलेल्या दहा सोसायट्यांना घेऊन पालिकेच्या टी विभाग कार्यालयाला, म्हणजे मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसला, एकत्र पत्र देऊ. इतिवृत्तात तसं नोंदवलं गेलं. अधिकारी या वेळी दुसरे होते. त्यांनी विचारलं, 'हा विषय अजेंड्यावर आहे का?' बाई म्हणाल्या, 'नाही. घ्या.'