नक्कल मिळेपर्यंत सीझन निघून जातो

वेळेनंतर दारू दिली म्हणून परमिट रूमचा परवाना निलंबित झाला, तर अपील आहे, हायकोर्ट आहे, हे सगळेच सांगतात. मध्ये एका टेबलावर माणूस किती लटकतो, ते कोणी सांगत नाही. म्हणून लिहितोय.

आमचं हॉटेल दक्षिण कोकणात, किनाऱ्याला लागून. मुंबई-पुण्यात परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालते. आमच्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे आम्हाला त्याआधीच बंद करावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत राज्य उत्पादन शुल्क खात्याचं भरारी पथक आलं तेव्हा काउंटर बंद होता, दारूची बिलं झाली होती आणि दोन टेबलांवर पर्यटक सुरमईचं ताट जेवत होते. पंचनाम्यात 'वेळेनंतर मद्यविक्री' असं लिहिलं गेलं. कारणे दाखवा नोटीस आली, उत्तर दिलं, सुनावणी झाली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम 54 खाली निलंबनाचा आदेश निघाला, तोही ऐन डिसेंबरात.

खरा त्रास इथून पुढे. निलंबन लगेच लागू झालं, साठ्याला सील लागलं. माझ्या हातात मात्र एक झेरॉक्स, तिच्यावर जावक क्रमांकच नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 137 खाली राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करायचं तर वकील म्हणाले, आदेशाची प्रमाणित नक्कल आणा. नकलेचा अर्ज दिला. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "फाइल सहीक गेली हा, फाल्या येवा." दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. मग फाइल सापडली, तर जावक रजिस्टर ज्यांच्याकडे असतं ते रजेवर. आदेश काढायला जावक नंबर लागला नाही, नक्कल द्यायला मात्र लागतो, हे मला आजही पटत नाही. निलंबनाचा एकेक दिवस उलटत होता, नाताळची बुकिंग रद्द होत होती आणि बाकड्यावर बसून मी भिंतीवरची नागरिकांची सनद वाचत होतो. 24, 25 आणि 31 डिसेंबरला सरकार परमिट रूमना पहाटे 5 पर्यंत सवलत देतं, पण परवानाच निलंबित असेल तर तिचा उपयोग काय? वेटर पोरांचा पगार तर द्यायचाच होता.

शेवटी वकिलांनी सुचवलं तसं केलं. झेरॉक्सच लावून अपील आणि स्थगितीचा अर्ज मुंबईला दाखल केला, नक्कल मागितल्याची पोच सोबत जोडली. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून ठासून सांगतो: आदेश कळेल त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तारखेसकट घ्या. तो शिक्काच पुढे कामाला आला.

कारण स्थगितीच्या अर्जाला तारीख मिळेना. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात रिट याचिका. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या याचिका हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, ही आम्हा कोकणातल्या लोकांसाठी मोठीच सोय. पहाटे निघून करूळ घाट चढलो की कोर्ट उघडायच्या आधी पोचतो. अपिलाची वाट मोकळी असताना थेट रिट केलं तर कोर्ट बहुधा परत पाठवतं. आमची मागणी तेवढी मोठी नव्हतीच: स्थगितीच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय द्या आणि तोवर निलंबन थांबवा. वकिलांनी प्रेसिपी, म्हणजे लवकर सुनावणीची लेखी विनंती, देऊन प्रकरण तातडीने बोर्डावर घेतलं. शिक्क्याची तारीख न्यायमूर्तींनी स्वतः पाहिली आणि दोन्ही गोष्टी मान्य केल्या. बाहेर आल्यावर मी आधी घरी फोन लावला, बोलताना गळा दाटून आला.

राहिलेलं एक. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पथक गेल्या गेल्या त्या रात्रीचं फुटेज पेनड्राइव्हवर घ्या. आमच्या फुटेजमध्ये काउंटरचं शटर खाली ओढलेलं आणि वर घड्याळ स्पष्ट दिसतं, अपिलात आमचा सगळा भर त्यावरच आहे.

दारूबंदी अधिनियमाच्याच कलम 104 खाली पैसे भरून तडजोड करता येते, बरेच जण तेच करतात. सीझन वाचतो, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी भरले नाहीत, कारण विक्री झालीच नव्हती. अपिलाचा निकाल अजून यायचा आहे.