फिक्सी करताय? आधी मागचं मोजा, मग क्रँक घ्या

जुन्या स्टीलच्या रोड फ्रेमची फिक्सी (एकाच गिअरची, फ्रीव्हील नसलेली, चाकाबरोबर पेडल फिरतंच अशी सायकल) करायची म्हटलं की सगळे आधी क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, बघत बसतात, काळा घेऊ की चकचकीत. माझं म्हणणं एवढंच की आधी मागचं चाक बसवा आणि क्रँक त्यावरून ठरवा. चेन पुढून मागे सरळ रेषेत धावायला हवी. कॉग (मागचं दातेरी चक्र) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, जिथे बसतो तिथेच बसतो, त्याला सरकवायला फारसा वाव नसतो, पुढे मात्र क्रँक, रिंग (पुढचं दातेरी चक्र) आणि बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतो तो भाग) एक्सल, तिन्ही बदलता येतात.

मोजायचं असं: मागे दोन्ही लॉकनटच्या (हबच्या दोन टोकांच्या, फ्रेमला टेकणाऱ्या नटांच्या) बाहेरच्या बाजूंमधलं अंतर घ्या, त्याचं निम्मं करा, त्यातून लॉकनटपासून कॉगच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा. १२० मिमीच्या ट्रॅक हबला (फिक्सीच्या हबला) साधारण ४२ मिमी येतात. जुन्या फ्रेमला बरेचदा १२६ ची जागा असते, मग दोन्हीकडे ३-३ मिमीचे वायसर घाला, ४२ तसेच राहतात. पुढे सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) कडेपासून रिंगच्या दाताच्या मध्यापर्यंत मोजून ट्यूबच्या जाडीचं निम्मं मिळवा, २८.६ च्या ट्यूबला १४.३. दोन्ही आकड्यांत एक मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक निघाला तर बीबीचा एक्सल बदला, दोन मिमी छोटा घेतला की रिंग एक मिमी आत येते.

जुना रोड डबल (दोन रिंगांचा) क्रँक मिळाला तर सोनं. त्याची आतली रिंगची जागा बहुतेक वेळा ४२ च्या जवळच असते, बाहेरची रिंग काढा आणि आखूड बोल्ट लावा. पण रिव्हेट मारलेल्या रिंगचा स्वस्त क्रँक घेऊ नका हो, रिंग बदलताच येत नाही, शिवाय गिअरच्या रिंगचे काही दात चेन सहज उतरावी म्हणून मुद्दाम बुटके केलेले असतात आणि आपल्याला नेमकं तेच नकोय! फिक्सीत पेडल कधी थांबत नाही, चेन पडली तर पायाचा ब्रेक (पेडल रोखून वेग कमी करणं) गेला, आणि कॉगमध्ये अडकली तर मागचं चाक जाम. पुढचा ब्रेक म्हणूनच काढायचा नाही.

क्रँकची लांबी १६५ मिमी घ्या, १७० नको. आपलं बडोदं सपाट आहे, फिक्सीला याहून छान गाव कुठे मिळणार, पण काळा घोडा सर्कलला वेगात वळताना सायकल झुकते आणि पेडल फिरतच असतं, तिथे ते ५ मिमी खरंच उपयोगी पडतात.

शेवटी चेनचा ताण. चेन मधोमध वर-खाली सेंटीमीटरभर हलावी, पेडल हळूहळू पूर्ण फिरवून बघा, एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली लागली तर रिंग मध्यावर नाहीये, पाचही बोल्ट थोडे सैल करा, घट्ट जागेवर चेनला हलकं ठोका, रिंग सरकते, मग बोल्ट आवळा आणि परत फिरवून बघा. रावपुऱ्यातल्या मिस्त्रीकाकांकडे दिली तरी हे शेजारी उभं राहून करून घ्या.