बल्गारीचे नेस्तिनारी: हॉटेलातला तमाशा टाळा

बल्गेरियात काळ्या समुद्राकाठच्या हॉटेलांत ‘बल्गेरियन नाइट’ म्हणून जे विकतात, त्यावर दमडी खर्चू नका. जेवण, दारू आणि शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यांवर उड्या. आम्हाला तर ‘अस्सल नेस्तिनारी’ (सणाला निखाऱ्यांवर अनवाणी नाचणारे) असं छातीठोकपणे सांगितलं होतं! अस्सल ते स्ट्रांजा डोंगरातल्या बल्गारी गावात. वस्ती शंभरेक. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांपूर्वी तीसेक बल्गेरियन आणि ग्रीक गावांत ही प्रथा होती. २००९ मध्ये युनेस्कोने तिला आपल्या यादीत घेतलं.

सण संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचा, ३ आणि ४ जूनला. सकाळीच पोचा. बहुतेक लोक रात्री आग बघायला येतात आणि पुढच्यांच्या पाठी बघून जातात. सकाळी ढोल आणि गाईदा (कातडी पिशवीचं वाद्य) वाजवत, संतांच्या प्रतिमा घेऊन मिरवणूक गावाबाहेरच्या पवित्र झऱ्यावर जाते. तिथे पाणी आणि मेणबत्त्या सगळ्यांना मिळतात, परक्यांनाही. मला रात्रीपेक्षा हेच जास्त आवडलं.

संध्याकाळी उजेड असतानाच रिंगणाची जागा धरा, मग हलू नका. उभं राहून पायांचे तुकडे पडतात. निखारे पसरले की हजारो माणसं गप्प होतात. टाळ्या, फ्लॅश अजिबात नको. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीचं होमकुंड पाहिलेल्यांना विस्तवाचं नवल वाटणार नाही, पण तिथे धोंडांची (देवीच्या व्रतस्थ भक्तांची) रीघ लागते, इथे मोजकी माणसं ढोलाच्या ठेक्यावर अनवाणी उतरतात. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

खरा छळ परतीचा. किनाऱ्यावरचं त्सारेवो शहर वीसेक किलोमीटरवर, रस्ता जंगलातला, वळणावळणाचा आणि काळाकुट्ट. मध्यरात्री बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही थांबवलेल्या टॅक्सीवाल्याने मीटर बंद ठेवून येतानाच्या तिप्पट मागितले, आणि दिले, कारण दुसरं काही नव्हतंच. टॅक्सीच्या काचेवर किलोमीटरचा दर लिहिलेला असतो, तो आधी वाचा आणि परतीचं दिवसाच ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे गाडी भाड्याने घ्या, चालवणाऱ्याला राकिया (फळांची कडक दारू) पिऊ देऊ नका. मुक्काम त्सारेवोतच करा. उत्तरेकडच्या सनी बीच या हॉटेलांच्या गावाहून येजा करणं शुद्ध वेडेपणा आहे.

शेंगेन व्हिसा चालतो. १ जानेवारी २०२६ पासून चलन युरो आहे, त्यामुळे कुणी लेव्हात (जुन्या चलनात) भाव सांगू लागला तर सरळ पुढे चला. किनाऱ्यावरची नेसेबर, सोझोपोल ही जुनी गावं छान आहेत, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.