प्रॉक्समॉक्सची कॉन्फिग.डीबी: बॅकअपमधून सुटणारी छोटी फाईल

रात्री व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप पडतो, सकाळी टास्कच्या यादीत ‘ओके’ दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. लातूरची डाळमिल असो की वाळूजचा कारखाना, जिथे प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले संगणक, चालवणारी प्रणाली) चालतं तिथे एक फाईल मात्र त्या बॅकअपमध्ये येत नाही: /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर/ मधली कॉन्फिग.डीबी. बहुतेक ठिकाणी ती अगदी लहानच असते.

/ईटीसी/पीव्हीई हे फोल्डर साधं दिसतं, पण डिस्कवर त्या रूपात ते नसतंच. पीएमएक्ससीएफएस ही सेवा ते रॅममध्ये उभं करते आणि प्रत्येक बदल कॉन्फिग.डीबी या एसक्यूलाईट डेटाबेसमध्ये लिहिते. आत ‘ट्री’ नावाचं एकच टेबल आहे आणि फाईलमागे एक ओळ. मशीन क्रमांक १०० ला किती रॅम, कोणती डिस्क, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता काय. स्टोरेजची यादी, युजर आणि त्यांचे अधिकार, फायरवॉल, बॅकअपचं वेळापत्रक, सगळं तिथेच. हा मशीनचा सातबारा आहे: जमीन जागेवर असते, पण कोणता तुकडा कोणाचा हे कागदच सांगतो.

व्हीझेडडंप या प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप-साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये त्या त्या मशीनची कॉन्फ (सेटिंगची) फाईल असते, हे खरं. पण स्टोरेज, युजर आणि जॉब त्यात नसतात. शिवाय बूटची एसएसडी गेली आणि डेटाच्या डिस्क शाबूत असल्या, तर कॉन्फिग.डीबीच्या जोरावर मशीन आहे त्या डिस्कवरच पुन्हा उभ्या राहतात. ती नसेल तर टेराबाईटभर डेटा रिस्टोअर करत बसावं लागतं, किंवा प्रत्येक कॉन्फ फाईल हाताने लिहावी लागते.

आता कॉपी कशी घ्यायची. सरळ ‘सीपी’ (कॉपीची साधी कमांड) मारू नका. डेटाबेस वॉल (राइट-अहेड लॉग) पद्धतीने चालतो, म्हणजे ताजे बदल आधी शेजारच्या कॉन्फिग.डीबी-वॉल फाईलमध्ये जातात. चालू सेवेत एकटी कॉन्फिग.डीबी उचलली तर काल संध्याकाळी जोडलेली डिस्क त्यात नसेलही. एसक्यूलाईट३ ची ‘.बॅकअप’ कमांड वापरा. ती दोन्हींचा मेळ घालून एक सलग फाईल देते आणि सेवा थांबवावी लागत नाही. त्या कॉपीवर लगेच ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ ही फाईल धड आहे का ते तपासणारी कमांड चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तरच जुनी कॉपी पुसा. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) हे काम मशीनच्या बॅकअपआधी लावावं आणि १४ दिवसांच्या कॉपी ठेवाव्यात. फाईल इतकी लहान आहे की कंजुषीला कारण नाही. सोबत /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस, /ईटीसी/होस्ट्स, /ईटीसी/होस्टनेम आणि एफएसटॅबही (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) घ्या. या फाईली डेटाबेसमध्ये नसतात आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

आपल्याकडे डेटाबेसचा खरा शत्रू वीज आहे. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की लाईट जाते-येते, जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद थकलेल्या बॅटरीचा यूपीएस तग धरत नाही, आणि पॉवर-लॉस प्रोटेक्शन नसलेली स्वस्त एसएसडी ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं गमावते. मग पीएमएक्ससीएफएस चालवणारी पीव्हीई-क्लस्टर सेवा ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’ म्हणत पडते, /ईटीसी/पीव्हीई रिकामं दिसतं, आणि सर्टिफिकेट तिथेच असल्यामुळे ८००६ पोर्टवरचं वेब पानही उघडत नाही. कधी ‘फाउंड एंट्री विथ डुप्लिकेट नेम’ अशी ओळ येते. तेव्हा एकाच नावाच्या दोन ओळी ट्री टेबलमध्ये पडलेल्या असतात. संदेशात दोन्हींचे आयनोड (ओळख) क्रमांक दिलेले असतात. सेवा थांबवा, तिन्ही फाईलींची (डीबी, वॉल आणि वॉलच्या जोडीची एसएचएम) कॉपी बाजूला ठेवा, दोन्ही ओळींचा एमटाईम (शेवटच्या बदलाची वेळ) आणि त्यांच्याखाली काय आहे ते बघा, आणि मगच शिळी ओळ काढा. घाईने फोल्डरचीच ओळ उडवली तर त्याखालच्या सगळ्या कॉन्फ अनाथ होतात.

यूपीएसला नट (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडून होस्ट आपोआप बंद होऊ द्या. मशीन बंद होण्यासाठी प्रॉक्समॉक्स मुळात १८० सेकंद थांबतं, त्यामुळे बॅटरीने त्याहून जास्त वेळ काढलाच पाहिजे.

रिस्टोअरचा क्रम असा: तीच आवृत्ती नव्याने टाका, होस्टनेम आणि होस्ट्स जुन्यासारखेच करा, पीव्हीई-क्लस्टर थांबवा, नवी वॉल व एसएचएम हटवा, जुनी कॉन्फिग.डीबी ठेवा, परवानगी ०६०० करा, रीबूट करा. नाव बदललं तर मशीन ‘नोड्स’खालच्या जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये अडकलेल्या दिसतील.

हे सगळं एकट्या नोडसाठी, म्हणजे एकट्या सर्व्हरसाठी. क्लस्टरमधला (एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरच्या गटातला) एकच नोड गेला आणि बाकीचे जिवंत असतील तर जुनी कॉन्फिग.डीबी त्यात घुसवू नका. मेलेला नोड क्लस्टरमधून काढा, नव्याने इन्स्टॉल करून जोडा; सेटिंग बाकीच्यांकडून आपोआप येतात. आणि काढलेला जुना नोड त्याच नेटवर्कवर परत चालू करू नका.

शेवटची पण टाळता न येणारी बाब: या फाईलमध्ये ‘प्रिव्ह’ फोल्डरही असतं, म्हणजे पासवर्डचे हॅश, स्टोरेजचे पासवर्ड आणि खाजगी किल्ल्या. म्हणून कॉपी जीपीजी या साधनाने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करूनच दुसऱ्या जागी पाठवा. पासफ्रेज कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवा, त्या सर्व्हरवर नाही.