आमची वाटचाल : बास कॅबिनेटचे वजन नेमके कुठे कमी करावे

ऑर्केस्ट्रांच्या स्पीकरचे फाटलेले कोन बदलणे आणि जळालेल्या व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) नव्याने बसवणे, हे आमच्या कार्यशाळेचे मूळ काम. लग्नसराई, १४ एप्रिलच्या सुमाराचे भीमगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सव, नवरात्र असे नागपूरच्या वादकांचे वर्ष भरलेले असते, आणि त्यातले बास गिटार वाजवणारे कलाकार दुरुस्तीला येताना बहुधा एक माणूस सोबत घेऊन येत, कारण त्यांचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेला लाकडी खोका, एकट्याने उचलण्यासारखे नसे. अशी कॅबिनेट उघडता-उघडता त्यांचे वजन कशाकशात साठलेले असते हे आम्हाला दिसत गेले आणि त्यातूनच स्वतः कॅबिनेट बांधण्याचा विचार पक्का झाला.

जुनी कॅबिनेट जड असण्याला कारण होते. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने दहा इंची आठ स्पीकरचे जे प्रसिद्ध कॅबिनेट आणले, ते मोठ्या रंगमंचासाठी होते. आजही त्याचे वजन साठ किलोंच्या पुढे भरते. पुढे क्लास-डी या कमी ऊर्जा वाया घालवणाऱ्या तंत्रामुळे शेकडो वॅटचा बास अँप्लिफायर दोन-तीन किलोंवर आला आणि खांद्यावरच्या पिशवीत मावू लागला. कॅबिनेट मात्र बराच काळ होते तिथेच राहिले. त्याची सुटका दोन बाजूंनी झाली: चुंबक आणि लाकूड.

१९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक बाजारात आले. जुन्या स्पीकरमधली फेराइट चुंबकाची जाड चकती जे काम करते, तेच काम निओडिमियमचा लहानसा तुकडा करतो, त्यामुळे बारा इंची स्पीकरचे वजन साधारण निम्म्यावर येऊ शकते. किंमत अर्थातच जास्त असते. तरीही वजन घटवण्यासाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी इथे करावेत, असे आमचे ठाम मत आहे, कारण चांगल्या बनावटीच्या निओडिमियम स्पीकरमध्ये वजन कमी होते आणि आवाजाचे काहीही गमवावे लागत नाही.

लाकडाचे तसे नाही. लकडगंजच्या बाजारात प्लाय निवडताना आम्ही सर्वाधिक वेळ घालवतो. ८ बाय ४ फुटांचे १८ मिलिमीटर जाडीचे बर्च प्लाय साधारण ३६ किलो भरते, तर १२ मिलिमीटरचे पॉप्लर प्लाय सोळा ते अठरा किलोंच्या आसपास. हा फरक मोहात पाडणारा आहे. परंतु फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे लाकूड तेच ठेवून जाडी १८ वरून १२ वर आणली तर ताठरपणा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो, आणि फळी स्वतःच थरथरू लागून खालचे सूर गढूळ करते. म्हणून आम्ही पातळ प्लाय वापरतो तेव्हा आतून मागच्या व बाजूच्या फळ्यांना आडव्या-उभ्या पट्ट्यांनी बांधून घेतो. या पट्ट्यांचे वजन एखाद-दीड किलो होते, पण मोठी फळी लहान-लहान भागांत विभागली जाऊन तिचा कंप वरच्या पट्टीत सरकतो आणि क्षीण होतो. ग्राहकाने कॅबिनेट घेताना त्याच्या बाजूच्या फळीवर मधोमध बोटाने ठोकून पाहावे. ढोलासारखा घुमणारा आवाज आला तर वजन चुकीच्या ठिकाणी कमी केले आहे असे समजावे.

आकाराच्या बाबतीत भौतिकशास्त्रापुढे कोणाचेही चालत नाही. लहान खोका, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ध्वनितंत्रात हा हॉफमन यांचा नियम म्हणून ओळखला जातो. चार तारांच्या बासच्या सर्वांत खालच्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, पाच तारांच्या बासमधील बी तारेचा ३१ हर्ट्झचा. प्रत्यक्षात कानाला भरदार वाटणारा बराचसा भाग त्याच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे ई तारेच्या बाबतीत ८२ हर्ट्झच्या आसपासचा असतो. त्यामुळे ‘३० हर्ट्झपर्यंत’ असा दावा असलेल्या लहान कॅबिनेटमागे न लागता ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ते किती ठाम बोलते हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

वॅटच्या आकड्याला आमच्याकडे येणारे बहुतेक जण प्रथम हात घालतात. आम्ही त्यांना संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटवर कॅबिनेट किती डेसिबल आवाज देते, हे विचारायला सांगतो: ९७ डेसिबलचे कॅबिनेट २५० वॅटवर जेवढे बोलते, तेवढे बोलायला ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला ५०० वॅट लागतात.

आता आम्ही कोणालाही मॉडेल दाखवण्याआधी तो कुठे वाजवतो हे विचारतो. वसंतराव देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहात बास मुख्य ध्वनिव्यवस्थेतून श्रोत्यांपर्यंत जातो, तेव्हा स्वतःला आणि शेजारच्या ढोलकी-ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरते बारा इंची एक कॅबिनेट पुरते. वर्धा रोडवरील लॉनमध्ये, उघड्यावर, भिंतींचा आधार नसताना तेच अपुरे पडते. यासाठी आठ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) बारा इंची दोन हलकी कॅबिनेट घ्यावीत, हा आमचा बहुतेकांना सल्ला असतो: एक वरच्या मजल्यावरच्या तालमीला एका हातात नेता येते, आणि दोन समांतर जोडली की चार ओहम होऊन अँप्लिफायर आपली पूर्ण ताकद देतो. एकावर एक उभी रचली तर वरचे कॅबिनेट कानाच्या जवळ येते. अर्थात अँप्लिफायर चार ओहमला चालणारा आहे का, हे त्याच्या मागच्या बाजूवर वाचूनच जोडणी करावी.

नागपूरचा उन्हाळा हा आमच्या बांधणीतला वेगळा भाग आहे. पारा ४५ अंशांवर असताना बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कॅबिनेटचे चिकटवलेले रेक्झिन सुटते, म्हणून आम्ही त्याऐवजी खडबडीत पोताचा रंग देतो, आणि पावसाळ्यात प्लायच्या कडा फुगू नयेत यासाठी रंगाआधी त्या सीलरने बंद करतो. निओडिमियमच्या साध्या प्रतीची उष्णतेची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते आणि लहान चुंबकाभोवती कॉइलची उष्णता शोषायला धातूही कमी असतो. त्यामुळे उन्हात तापलेले कॅबिनेट थेट पूर्ण आवाजात वाजवू नये, थोडा वेळ सावलीत ठेवावे, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

खरेदीला येताना स्वतःचा बास आणि स्वतःचा अँप्लिफायर आणावा, अशी आमची विनंती असते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून कॅबिनेट ऐकावे, ई तार हळू आणि लांब धरून वाजवावी, आणि मग ते कॅबिनेट जिन्याने खाली-वर नेऊन पाहावे. आमच्याकडचा जिना त्यासाठी मोकळा असतो.