तिसरी शिट्टी

घरी बसून मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी प्रुफांतल्या चुका काढण्याचे काम, करणाऱ्या माणसाला खरोखरच काम असते, यावर घरातल्या कोणाचाही मनापासून विश्वास नसतो. हातात पेन्सिल, समोर छापील कागद आणि किंचित हलणारे ओठ, हे दृश्य पाहणाऱ्याला निवांत वाचत बसल्यासारखेच वाटते. आणि वाचत बसलेल्या बाईला हाक मारताना संकोच तो कसला? गणपतीच्या सुमारास दिवाळी अंकांची मुद्रिते येऊ लागतात आणि या हाकांना ऊत येतो. (१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मुद्रितशोधकांच्या घरची भाद्रपद-आश्विनाची शांतता गेली ती गेलीच असावी.)

हाकांमध्येही प्रतवारी असते. भाजीवाल्याची आरोळी कानावरून जाते, तिचे काही वाटत नाही. दारावरची बेल उठवते, पण निदान ती वाजून गप्प होते. सर्वांत घातक हाक मात्र सासूबाईंची, आणि तीही किती साधी: “अगं, मी देवळात जाऊन येते, कुकरकडे लक्ष ठेव. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर.” त्या क्षणापासून मी कागदावर असतेही आणि नसतेही. पहिली शिट्टी होण्याआधीची ती सुरसुर, मग ‘ही झाली की नुसतीच वाफ गेली’ हा संशय, मग दोन झाल्या की तीन हा हिशेब. शिट्टी दोन सेकंदांची. तिची वाट पाहण्यात मात्र पानभर मजकूर डोळ्यांखालून नुसता सरकून जातो.

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, पुरी झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामे माणसांच्या अधिक लक्षात राहतात. हे वाचले तेव्हा कुकरचे कोडे उलगडले. तिसरी शिट्टी होईपर्यंत ते काम अपुरे असते, म्हणून डोक्यातून हलत नाही. पण मग अर्धवट सोडलेले मुद्रितही तसेच लक्षात राहायला हवे, नाही का? राहते, पण त्यातला अर्थ राहतो. लेखक काय म्हणत होता, ते गॅस बंद करून परत आल्यावरही मला सांगता येते. माझे काम मात्र अर्थाशी नाही, अक्षरांशी आहे. आणि अर्थ आधीच ठाऊक असलेला डोळा अक्षरे पाहतच नाही, ती आपल्या मनानेच भरून घेतो.

याची शिक्षा मला एकदा चांगलीच झाली. एका अंकाचे काम चालू असताना पार्सलवाला आला. “मॅडम, ओटीपी सांगा.” फोन आत राहिला होता, तो शोधला, चार आकडे तोंडाने घोकत दारापर्यंत आले, ते सांगितले, परत येऊन वाटले तिथून पुढे वाचू लागले. अंक छापून आला आणि एका शाळेत ‘शिक्षक दीन’ थाटात साजरा झाल्याचे महाराष्ट्राला कळले. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम येथे कामाचे नाहीत, संगणकही हरकत घेत नाही, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्धच आहेत. वेलांटी पाहायला माणूस जागेवर हवा होता. संपादकांनी फोनवर फक्त एवढेच विचारले, “वास्तव म्हणून तसेच ठेवलेत का?”

त्यानंतर उपाय करून पाहिले. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून पंचवीस-पंचवीस मिनिटे अभ्यास करायची रीत शोधली. ती माझ्याकडे दोन दिवस टिकली. आमच्या स्वयंपाकघरात वेळ मोजणारे यंत्र आधीच होते आणि त्याला टोमॅटोची पर्वा नव्हती. खोलीचे दार लावून घेतले, तर लोक दार वाजवून “झोपली आहेस का?” असे विचारू लागले. शिवाय, खरे सांगायचे तर, दार लावल्यावर मीच फोन हातात घेत असे.

अखेर कामी आला तो पेन्सिलीचा एक ठिपका. बेल वाजली की लगेच उठायचे नाही. पूर्णविरामापर्यंत जायचे, त्याखाली ठिपका द्यायचा आणि मगच उठायचे. परत आल्यावर ठिपक्यापासून नव्हे, त्याच्या दोन ओळी आधीपासून, अक्षर न् अक्षर सुटे करत वाचायचे. एवढ्याने हाका थांबल्या नाहीत; पण परतायची जागा ठरली.

पूर्णविरामापर्यंत थांबण्याचा त्रास प्रथम इतरांना झाला. काही लेखकांची वाक्ये पाऊण पानाची असतात, तोवर पार्सलवाला दुसऱ्यांदा बेल दाबतो. सासूबाईंना सारे समजावून सांगितले, तेव्हा त्या “बरं” म्हणाल्या आणि काही बोलल्या नाहीत. परवा मान वर केली, तर त्या हातात पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. माझी पेन्सिल थांबलेली पाहून त्यांनी हळूच विचारले, “आला का गं पूर्णविराम? कुकर लावलाय.”